'इन धिस मॉडर्न एरा...' आणि चाकणचा चौक

"पत्रकारबाई, तू रोज लिहितेस ना? मग हे वाच आणि सांग, माझं नेमकं चुकतंय कुठे?"

गुरुवारची दुपार. चिंचवडगावात आमच्या हॉलमध्ये पंखा फुल्ल स्पीडवर, टीव्ही म्यूट, आणि समोर दादा. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. वय तेहतीस, चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला. गुरुवार हा त्याचा वीकली ऑफ. एरवी या दिवशी तो दुपारी दोनपर्यंत झोपतो, मग वहिनीच्या शिव्या खात गाडी सर्व्हिसिंगला नेतो. पण त्या दिवशी तो आंघोळ-बिंघोळ करून, हातात प्लास्टिकची फाइल घेऊन चक्क माझ्याकडे आला होता. म्हणजे मामला सीरियस.

फाइलमध्ये दोन कागद होते. आयईएल्ट्सचे दोन रिझल्ट. लिसनिंग ८, रीडिंग साडेसात, स्पीकिंग ७... आणि रायटिंग साडेसहा. दुसऱ्या कागदावर बाकीचे आकडे थोडे इकडे-तिकडे, रायटिंग पुन्हा साडेसहा.

आता तुम्ही म्हणाल, साडेसहा काय वाईट आहे? तर बॉस, कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीचा हिशेब वेगळा असतो. तिकडे भाषेच्या गुणांची मोठी उडी मिळते ती लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींना ७ मिळाले की. एका विषयात अर्धा बँड कमी पडला तर ती उडी हुकते. शिवाय वयाचे गुण असतात, ते तिशीपासून दर वाढदिवसाला थोडे थोडे गळायला लागतात. म्हणजे दादा केक कापतो आणि तिकडे त्याचा स्कोअर कमी होतो! परीक्षेची फी एका वेळेला पंधरा हजारांच्या वर. दोनदा भरून झालेली. वहिनीने तिसऱ्या वेळेसाठी भिशीचे पैसे काढले होते. ते त्याने सांगितलं नाही, तिने सांगितलं.

"हे बघ, सराव म्हणून लिहिलाय," असं म्हणून त्याने तिसरा कागद पुढे केला. विषय होता, शहरातली वाहतूक कोंडी सोडवायला रस्ते रुंद करावेत की सार्वजनिक वाहतूक वाढवावी. दोन्ही बाजूंची चर्चा करा आणि तुमचं मत द्या.

मी वाचायला लागले. 'इन धिस मॉडर्न एरा, ट्रॅफिक हॅज बिकम अ बर्निंग इश्यू...' पुढे नाण्याच्या दोन बाजू आल्या. मग 'ऑन द वन हँड', मग 'ऑन द अदर हँड', मग 'मोरओव्हर', मग 'फर्दरमोर', आणि शेवटी 'टु कन्क्लूड, एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स'. नाणं पुन्हा एकदा पडलं. टोटल २८० शब्द. व्याकरण ठीकठाक. आणि वाचून झाल्यावर माझ्या डोक्यात काय राहिलं? शून्य. हा निबंध पिंपरीच्या माणसाने लिहिला की पेरूच्या, हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता.

"हे कुठून पाठ केलंस?"

"क्लासमधून झेरॉक्स मिळाली. सगळे तेच वापरतात. टेम्प्लेट आहे. फक्त मधे टॉपिक भरायचा."

त्याने फाइलच्या तळातून ती झेरॉक्स काढली. झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स असावी, अक्षरं पार पुसट. मी बघितली आणि माझ्या पोटात गोळा आला. 'फर्दरमोर'च्या स्पेलिंगमध्ये एक 'आर' गायब होता.

ती चूक माझी होती.

चाळीस रुपये पर निबंध

खुलासा करते. मास कॉमची डिग्री हातात पडली तेव्हा मला वाटलं होतं, आता आपण थेट मोठ्या बातम्या करणार. प्रत्यक्षात काय झालं, तर फ्रीलान्सिंगचे चेक तीन-तीन महिने यायचे नाहीत आणि मोबाइलचं बिल मात्र दर महिन्याला न चुकता यायचं. तेव्हा एका कोचिंग क्लासमध्ये मी निबंध तपासायचं काम धरलं. चाळीस रुपये पर निबंध. रात्री तीस-पस्तीस निबंध घरी आणायचे, लाल पेन, चहाचा थर्मास आणि सुरू.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी सांगितलं, पोरांना एक रेडिमेड सांगाडा करून द्या. मी एका बसण्यात तो टाइप केला. सुरुवातीची तीन वाक्यं, मधल्या दोन पॅराग्राफची पहिली वाक्यं, शेवटची दोन. जिथे विषय यायचा तिथे टिंबं. फिल इन द ब्लँक्स. पोरं खूश, सर खूश, आणि मीही खूश, कारण तपासायला सोपं झालं! सगळे निबंध सारखेच. मला फक्त टिंबं वाचायची होती.

मी ते काम सोडून पाच वर्षं झाली. सांगाडा मात्र हातोहाती फिरत फिरत, एक 'आर' गाळून, माझ्याच आतेभावाच्या फाइलमध्ये येऊन पोचला होता. भिशीच्या पैशांसकट.

दादाला मी तेव्हा काहीच बोलले नाही. "मी चहा टाकते" एवढंच म्हटलं.

टेम्प्लेट इतकं चालतं कसं?

चहा उकळेपर्यंत मनातल्या मनात स्वतःची वकिली करून घेतली. टेम्प्लेट उगाच जन्माला येत नाही. हजारो लोकांचे निबंध ठरावीक वेळात, ठरावीक निकषांवर तपासायचे म्हटलं की तपासणाऱ्याला काहीतरी मोजता येण्यासारखं हवं असतं. मग लिहिणारा नेमकं तेच मोजमाप ओळखतो आणि तेवढंच पुरवतो. सिंपल फंडा.

अमेरिकेत याची मोठी गंमत झाली. तिथल्या सॅट परीक्षेत २००५ साली २५ मिनिटांचा निबंध आला. एमआयटीमध्ये लेखन शिकवणारे लेस पेरेलमन यांनी प्रसिद्ध झालेले नमुना निबंध आणि त्यांचे गुण शेजारी शेजारी ठेवून बघितले. त्यांना काय दिसलं? निबंध जितका लांब, तितके गुण जास्त. लांबून कागद बघूनसुद्धा अंदाज बरोबर यायचा. वर नियम असा की, मजकुरात तथ्याची चूक असेल तर गुण कापायचे नाहीत. म्हणजे पानिपतची लढाई पनवेलला झाली असं ठोकून दिलं तरी चालेल, वाक्य मात्र झोकदार हवं!

याच पेरेलमन यांनी २०१४ मध्ये विद्यार्थ्यांच्या मदतीने एक प्रोग्रॅम बनवला. नाव 'बेबल'. तीन शब्द टाइप करा, तो क्षणात अख्खा निबंध ओकतो. व्याकरण शुद्ध, शब्द भारदस्त, अर्थ बिलकुल नाही. आणि निबंध तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या बडबडीला वरच्या श्रेणीतले गुण दिले. एका मशीनने लिहिलं, दुसऱ्या मशीनने तपासलं, आणि मधे माणूस कुणीच नाही.

पुढे परीक्षाच एकेक करून निबंधाचा हात सोडायला लागल्या. सॅटचा निबंध २०१६ मध्ये ऐच्छिक झाला आणि २०२१ मध्ये बंदच झाला. जीमॅटची नवी आवृत्ती २०२३ मध्ये आली ती निबंधाशिवाय. जीआरईमध्ये २००२ पासून दोन निबंध होते. सप्टेंबर २०२३ पासून एकच उरला, तीस मिनिटांचा. त्याचे सगळे संभाव्य विषय परीक्षा घेणारी संस्था स्वतःच आधी जाहीर करते. म्हणजे सांगाडा कुठे बसेल हे घरबसल्या बघून घ्या!

आणि आता तर काय, २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून 'इन धिस मॉडर्न एरा'ची फॅक्टरी प्रत्येकाच्या खिशात आहे.

हे आपल्याकडे नवीन आहे का?

अजिबात नाही. आठवा जरा दहावीचं वर्ष. 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत', 'मी पंतप्रधान झालो तर', 'पावसाळ्यातील एक दिवस'. आमच्या वर्गात पन्नास मुलं होती आणि पन्नासही पुस्तकं एकाच कपाटात, एकाच धुळीत, एकाच वाळवीच्या तोंडी पडून आसवं गाळत होती. 'आजच्या धावपळीच्या युगात' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की मला वाटायचं युग फक्त धावपळीचंच असतं. शेवटी एक सुभाषित. ते न आठवल्यास 'कुणीतरी म्हटलेच आहे की...' या 'कुणीतरी'ने महाराष्ट्रातल्या लाखो मुलांना मार्क मिळवून दिलेत, त्याचा सत्कार व्हायला हवा!

गंमत बघा. इंग्रजीतला 'एसे' हा शब्द फ्रेंच 'एसाई'वरून आला. अर्थ, प्रयत्न. मॉन्तेनने १५८० मध्ये आपलं पुस्तक याच नावाने काढलं; बघू या जमतंय का, असा त्याचा सूर. आणि आपला शब्द? निबंध. म्हणजे नीट बांधलेलं. एकाने करून बघायचं, दुसऱ्याने बांधून ठेवायचं, आणि परीक्षेत दोघांना एकाच रांगेत बसवायचं.

पण बांधलेलं म्हणजे निर्जीव असं नाही हं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली. मासिक जवळपास एकहाती चाललं, ८४ अंक निघाले. त्या निबंधांनी वाद पेटवले, लोकांना चिडवलं, मराठी गद्याला कणा दिला. तेही निबंधच होते. त्यात टिंबं भरायची नव्हती, एवढाच फरक.

आणि हा प्रश्न फक्त फॉरेनला निघालेल्यांचा नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०१२ पासून मुख्यतः पर्यायवाची झाली होती. ती पुन्हा वर्णनात्मक करायचं एमपीएससीने २०२२ मध्ये जाहीर केलं, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. शेवटी आयोगाने नवी पद्धत २०२५ च्या परीक्षेपासून लागू करायचं ठरवलं. आता तिथे निबंधाचा स्वतंत्र पेपर आहे, २५० गुणांचा. यूपीएससीत तर तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी हजार-बाराशे शब्दांचे. मुलांचं म्हणणं काय होतं, ते नीट ऐका. आम्ही इतकी वर्षं गोल काळे करायची प्रॅक्टिस केली, आता अचानक लिहा म्हणता? बरोबरच आहे की! लिहिणं हे बटण नाही, दाबलं की सुरू व्हायला.

म्हणूनच टेम्प्लेटला नाकं मुरडणाऱ्यांचा मला थोडा राग येतो. 'मुक्तपणे लिहा, मनातलं लिहा' हे सांगणं सोपं आहे. ज्यांच्या घरात लहानपणापासून इंग्रजी पेपर आला, त्यांना ते जमतं. खेड तालुक्यातल्या मराठी शाळेतून शिकून, डिप्लोमा करून, मग नोकरी सांभाळत इंजिनिअरिंग पूर्ण केलेल्या माझ्या दादाला कोऱ्या कागदाची जी भीती वाटते, ती मला कधी वाटलीच नाही. त्याच्यासाठी ती झेरॉक्स म्हणजे जिन्याचा कठडा होता. कठडा धरला म्हणून कुणाला हसू नये.

प्रॉब्लेम एवढाच की कठडा साडेसहाव्या पायरीवर संपत होता.

"जॉब कोण कापतं?"

चहा घेऊन आले आणि सरळ कबूल केलं. "दादा, ही झेरॉक्स मीच टाइप केली होती."

तो दोन सेकंद बघत राहिला. मग इतका हसला की चहा सांडला. "म्हणजे माझे तीस हजार तू घालवलेस!"

"हो."

"शहाणे! मग आता तूच भरून दे."

मी आयईएल्ट्सचे निकष काढून त्याच्यासमोर ठेवले. ते सगळ्यांसाठी खुले आहेत, पण क्लासच्या गडबडीत कुणी वाचत नाही. माणूस तपासतो, चार गोष्टी बघतो, चारही समान वजनाच्या. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय का, मांडणी सलग आहे का, शब्दसंपत्ती कशी आहे, व्याकरण कसं आहे. सांगाडा दुसऱ्या निकषात थोडी मदत करतो. पण तिथेही मेख आहे. जोडशब्द यांत्रिकपणे वापरले तर ते सहाच्या आसपासचं लक्षण मानतात. आणि सगळ्यात वरच्या बँडला अपेक्षा काय? तर जोड लक्षातच येऊ नये. म्हणजे 'मोरओव्हर, फर्दरमोर' जितकं ठळक, तितका परीक्षक सावध! आख्खं उत्तर पाठ केलेलं आहे असं सिद्ध झालं, तर थेट शून्य बँड.

दादा गप्प झाला. मग म्हणाला, "हे आमच्या एट-डीसारखंच झालं."

"म्हणजे?"

आता त्याची पाळी होती. एट-डी हा कंपन्यांमधला रिपोर्टचा फॉर्म. आठ पायऱ्या. टीम बनवा, प्रॉब्लेम लिहा, तात्पुरता बंदोबस्त करा, मूळ कारण शोधा, उपाय निवडा, अमलात आणा, पुन्हा होणार नाही याची सोय करा, आणि आठव्या पायरीला टीमचं अभिनंदन करा! ही पद्धत फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये लिहून काढली. आज चाकणमध्ये कस्टमरकडून एक पार्ट रिजेक्ट होऊन आला की हा फॉर्म भरावाच लागतो.

"आणि आमच्याकडे मूळ कारण काय लिहितात, माहितीये? 'ऑपरेटरचे दुर्लक्ष.' उपाय काय? 'ऑपरेटरला समज दिली.' नेहमी तेच. मी स्वतः लिहिलंय. फॉर्म भरला, फाइल बंद, पुढच्या महिन्यात तोच पार्ट परत."

"मग फॉर्म वाईट?"

"फॉर्म कशाला वाईट असेल? फॉर्म फर्स्ट क्लास आहे. आम्ही त्यात विचार न करता भरतो." मग त्याने टेबलावरचं बिस्किट दोन बोटांत पकडलं. "हे बघ. हे फिक्स्चर. मशिनवर जॉब हलू नये म्हणून घट्ट धरून ठेवतं. पण जॉब कोण कापतं? टूल. फिक्स्चर कितीही भारी असलं आणि टूलच लावलं नाही, तर दिवसभर मशिन फिरवत बस, जॉब तसाच."

मास कॉमच्या दोन वर्षांत मला कुणी एवढं स्वच्छ सांगितलं नव्हतं, खरंच.

वीस मिनिटं, नो पेन

मग मी त्याचा पेन काढून घेतला. म्हटलं, लिहायचं नाही. मराठीत सांग. तू रोज चाकणला कसा जातोस?

आणि दादा सुटला! थरमॅक्स चौकातून कंपनीची बस. स्पाइन रोडने मोशी, मग नाशिक हायवे. अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर, वाईट दिवशी दोन तास. "रस्ता रुंद करा म्हणतात. अगं, मोशीला आहे की बऱ्यापैकी रुंद! पण पुढे तळेगाव चौकात सगळं एका बुचातून जातं. बाटली कितीही मोठी घे, बूच तेवढंच. आणि बस वाढवा म्हणतात. मेट्रो पिंपरीला आली, चाकणला कुठाय? बरं, बस वाढवल्या तरी त्या याच चौकात येऊन उभ्या राहणार."

"मग काय करायचं?"

"कुणी विचारतच नाही. शिफ्टच्या वेळा बघ. आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांची फर्स्ट शिफ्ट साधारण एकाच सुमाराला सुटते. बस, बाईक, कंटेनर, सगळं एकदम रस्त्यावर. अर्धा-अर्धा तास मागे-पुढे केलं तर निम्मी मारामारी कमी होईल. एक रुपया खर्च नाही. आणि एक सांगू? माझी पोरगी मला गुरुवारीच जागी दिसते. बाकीचे दिवस मी निघतो तेव्हा झोपलेली, येतो तेव्हा झोपलेली."

मी घड्याळ बघितलं. वीस मिनिटं झाली होती. या वीस मिनिटांत एकदाही 'मॉडर्न एरा' आला नव्हता. नाणंही पडलं नव्हतं.

"आता हेच लिही," मी म्हटलं. "चार पॅराग्राफ ठेव. पहिल्यात तुझं मत सरळ सांग. दुसऱ्यात रस्तेवाल्यांचं म्हणणं, आणि मोशी-चाकणचं उदाहरण. तिसऱ्यात बसवाल्यांचं. चौथ्यात शिफ्टच्या वेळा. पॅराग्राफ हे तुझं फिक्स्चर."

"पण इंग्लिश साधं होईल गं."

"होऊ दे की."

त्याने लिहिलं. चाळीस मिनिटांऐवजी सत्तर लागली. दोन ठिकाणी काळ चुकला, एका ठिकाणी 'द' राहिला. पण पहिलं वाक्य असं होतं, की मी दर आठवड्याला बावीस तास अशा रस्त्यावर घालवतो, जो आधीच रुंद केलेला आहे. मी ते वाक्य दोनदा वाचलं. कुठल्याही परीक्षकाने रात्री अकरा वाजता, तिसाव्या निबंधानंतर वाचलं तरी तो जागा झाला असता. मी स्वतः तीस-तीस निबंध तपासलेत, मला माहितीये.

पुढचे सहा गुरुवार आम्ही हेच केलं. आधी मराठीत बडबड, मग चार पॅराग्राफचा आराखडा, मग लिहिणं. तिसऱ्या गुरुवारपर्यंत वेळ पन्नास मिनिटांवर आला, सहाव्याला अडतीस. त्याने 'मोरओव्हर' पूर्ण सोडलं नाही. एखादा ठेवला. म्हणाला, आठवण म्हणून.

तुमच्याही उपयोगाचं

आयईएल्ट्स, जीआरई, एमपीएससी, नाहीतर ऑफिसातलं अप्रेझलचं सेल्फ असेसमेंट (तेही एक टेम्प्लेटच की!), काहीही लिहायचं असो...

* आधी बोला, मग लिहा. मित्राला पाच मिनिटांत सांगता येत नसेल, तर कागदावरही येणार नाही.
* मांडणी पाठ करा, वाक्यं नको. 'दुसऱ्या पॅराग्राफमध्ये विरुद्ध बाजू' हे लक्षात ठेवणं वेगळं आणि आख्खं वाक्य रटणं वेगळं.
* प्रत्येक पॅराग्राफमध्ये एक तरी गोष्ट अशी हवी, जी फक्त तुम्हालाच माहीत आहे. रस्ता, मशिन, आजीचं दुकान, काहीही.
* पहिलं वाक्य कुठल्याही विषयाला चिकटत असेल, तर ते खोडा.
* भीती वाटत असेल तर सुरुवातीला सांगाडा खुशाल वापरा. फक्त एक तारीख ठरवा, की त्या दिवसापासून हा कागद फाइलबाहेर.

आणि रिझल्ट?

थांबा, सांगते. त्याआधी एक गोष्ट. चौथ्या गुरुवारी दादा जरा उशिरा आला. कंपनीत एक पार्ट परत आला होता, एट-डी भरायचा होता. त्याने 'ऑपरेटरचे दुर्लक्ष' लिहायला घेतलं, आणि म्हणे हात थांबला. मग उठून त्या मशिनवरच्या पोराला जाऊन विचारलं, बाबा रे, नेमकं काय होतं? पोरगा म्हणाला, साहेब, रात्रपाळीला इथला दिवा गेलाय, गेजचा काटा नीट दिसत नाही, मी दोनदा सांगितलंय. मूळ कारण, दिवा. उपाय, दिवा बदलला. ट्यूबचा खर्च शे-दोनशे रुपये. आजवर त्या कारणासाठी तीन पोरांना 'समज' देऊन झाली होती.

दादा हे सांगत होता तेव्हा हसत नव्हता. म्हणाला, "त्यातल्या एकाला मी स्वतः मेमो दिला होता."

मी काय बोलणार? मला माझ्या लाल पेनाखालून गेलेले निबंध आठवले. त्यातली किती पोरं साडेसहाला अडकली असतील, कुणाची फी कुठून आली असेल, देव जाणे. मी फक्त टिंबं वाचत होते. टेम्प्लेट लिहिणाऱ्याचे कष्ट वाचवतं असं आपण म्हणतो. खरं तर ते वाचणाऱ्याचे जास्त वाचवतं. समोरच्याला काय म्हणायचंय, हे ऐकून घ्यायचे कष्ट.

तर, रिझल्ट. गेल्या आठवड्यात रात्री पावणेअकराला फोन. बॅकग्राउंडला बसचा हॉर्न, म्हणजे गडी अजून चौकातच.

"पत्रकारबाई! रायटिंग सात!!"

मी घरात इतकी ओरडले की आई किचनमधून पळत आली. वहिनीला कळवलंस का, पेढे कधी, कॅनडात थंडी किती असते, सगळं एका दमात विचारून झालं. दादा शांत.

"काय रे, काय झालं?"

"अगं, लिसनिंग ह्या वेळी साडेसात आलंय. आठ पाहिजे होतं."

दोघंही गप्प. मागे कुणीतरी कंटेनरवाल्याला मनापासून शिव्या देत होतं. मग दादाच म्हणाला,

"तुझ्याकडे लिसनिंगची एखादी झेरॉक्स आहे का गं?"